नळ्या दुर्बिणीतून तपासायच्या म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत येणाऱ्या जोडप्याच्या हातात बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची एक पिशवी असते. तिच्यात तीन-चार डॉक्टरांच्या फायली, सोनोग्राफीचे गुंडाळी झालेले कागद आणि तळाशी दुमडलेली एक्स-रेची फिल्म. मी ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरेपर्यंत बाई बोलून मोकळी होते, "मॅडम, नळ्या बंद आहेत म्हणाले. आता दुर्बीण सांगितलीय." दुर्बीण म्हणजे लॅप्रोस्कोपी, पोटाला लहान छेद घेऊन कॅमेऱ्याने आत बघणं. मग प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न, साधारण त्याच क्रमाने, इथे लिहिलेत. वेळ कमी असेल तर निदान दुसरा प्रश्न आणि टीबीचा प्रश्न वाचा.

नळ्या म्हणजे काय? त्या करतात काय?

गर्भपिशवीच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन बाजूंना एकेक नळी निघते. लांबी १० ते १२ सेंटिमीटर. पुस्तकात तिला गर्भनलिका म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी फॅलोपियन ट्यूब. गॅब्रिएले फॅलोपियो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६१ साली तिचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव.

पिशवीच्या भिंतीतून जाणारा नळीचा भाग एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. बाहेरचं टोक मात्र परकराच्या झालरीसारखं पसरलेलं. बीज फुटायच्या सुमाराला ही झालर बीजकोशावर फिरते आणि बीज उचलून आत घेते. बीज आणि शुक्राणूची गाठ नळीच्या रुंद भागात पडते. त्यानंतर तयार झालेला गर्भ तीन-चार दिवस नळीतच असतो आणि आतल्या सूक्ष्म केसांच्या लाटेवर हळूहळू पिशवीकडे सरकतो.

हे सगळं सांगण्याचं कारण, लोक नळीला घरातल्या नळाचा पाइप समजतात: तुंबलाय की मोकळा, एवढाच प्रश्न. पण नळी उघडी असूनही तिची झालर चिकटलेली असू शकते, आतलं अस्तर करपलेलं असू शकतं. तिच्यातून पाणी जातं, बीज जात नाही. "नळी उघडी आहे" आणि "नळी चांगली आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुर्बिणीची गरज या दोन वाक्यांमधल्या अंतरामुळे पडते.

आधी माझीच तपासणी का? यांची नाही का करायची?

करायचीच, आणि तुमच्या दुर्बिणीच्या आधी. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत, खर्च थोडा आणि रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोनदा दुर्बीण झालेल्या. दोन्ही वेळा नळ्या उघड्या. त्या जाडजूड फायलीत नवऱ्याचा एकही रिपोर्ट नव्हता. "यांना सुट्टी मिळत नव्हती," त्या म्हणाल्या. शेवटी तपासणी झाली तेव्हा शुक्राणू शून्य निघाले. त्या पोटावरचे दोन वेळचे टाके कशासाठी होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून नवऱ्याचा रिपोर्ट फायलीत लागल्याशिवाय मी बाईला थिएटरची तारीख देत नाही.

दुर्बीण सगळ्यांनाच लागते का?

नाही. वर्षभर नियमित संबंध ठेवून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आधी दोघांची नीट विचारपूस, वीर्यतपासणी, बीज फुटतंय का याची खात्री, सोनोग्राफी. मग नळ्या.

नळ्यांसाठी पहिली पायरी साधारणपणे एचएसजीची, म्हणजे औषध सोडून काढलेल्या एक्स-रेची. पण काही जणींना मी थेट दुर्बीण सांगते: ज्यांना ओटीपोटात संसर्ग होऊन गेलाय, ज्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं, एकदा नळीतच गर्भ राहिला होता, पाळीच्या वेळी अंथरुणावरून उठवत नाही इतकं दुखतं आणि एंडोमेट्रिओसिसचा (पिशवीच्या अस्तरासारखे डाग पिशवीबाहेर होण्याचा) संशय आहे, किंवा स्वतःला वा घरात कुणाला टीबी होऊन गेलाय. अशा पोटात एक्स-रे अर्धीच गोष्ट सांगतो.

आणि एक उलट बाजू. शुक्राणू इतके कमी असतील की आयव्हीएफशिवाय (टेस्ट ट्यूब बेबीशिवाय) मार्ग नाही, तर नळ्या उघड्या आहेत का हे शोधायला पोटात दुर्बीण घालण्यात फारसा अर्थ नसतो. आयव्हीएफमध्ये नळीचं काम प्रयोगशाळेत होतं. अपवाद एकच, पाणी भरून फुगलेली नळी. त्याबद्दल पुढे येईल.

एचएसजीत नळ्या बंद दिसल्या. मग आता दुर्बीण कशाला? एकदा कळलं ना?

कळलं असेलच असं नाही. एचएसजी ही जुनी तपासणी आहे, १९१४ पासूनची. पिशवीच्या तोंडातून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पोटात सांडतं का ते बघतात. या वेळी बाई घाबरलेली असते, पाय ताणलेले, टेबल थंडगार. औषध जोरात गेलं की पिशवीचा कोपरा आकसतो आणि नळीचं आतलं तोंड काही मिनिटं मिटून बसतं. फिल्मवर ते हुबेहूब बंद नळीसारखं दिसतं. रिपोर्टमध्ये "कॉर्न्युअल ब्लॉक" असा शब्द असेल तर ही शक्यता मनात ठेवा. यातल्या बऱ्याच नळ्या पुढे भुलेखाली मोकळ्या निघतात.

१९९५ साली वीस अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला होता. त्यात खरोखर अडथळा असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ६५ जणींचाच अडथळा एचएसजीने पकडला. आणि अडथळा नसलेल्या १०० पैकी १७ जणींना बंद असल्याचं सांगितलं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. शिवाय नळीच्या बाहेरून काय चिकटलंय, झालर मोकळी आहे का, एंडोमेट्रिओसिसचे डाग आहेत का, यातलं बरंचसं एक्स-रेला दिसतच नाही.

तरीही एचएसजीला मी नावं ठेवणार नाही. पिशवीच्या आतला आकार ती छान दाखवते, भूल लागत नाही. आणि औषधाने नळ्या धुऊन निघण्याचाही फायदा होतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तेलयुक्त औषध वापरलेल्या गटात सहा महिन्यांत गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण ३९.७ टक्के होतं, पाण्यासारखं औषध वापरलेल्या गटात २९.१ टक्के. एचएसजीनंतर "औषधाशिवायच दिवस राहिले" असं सांगणाऱ्या बायका थापा मारत नसतात.

थिएटरमध्ये नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान छेद घेऊन बारीक सुईने पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोट तंबूसारखं वर उचललं जातं आणि आत बघायला जागा होते. त्याच छेदातून दुर्बीण जाते, तिला कॅमेरा जोडलेला. खाली कडेला पाच मिलिमीटरचं दुसरं भोक, पकडीसाठी. मग टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि पिशवी, बीजकोश, नळ्या उघड्यावर येतात.

आधी सगळीकडे एक फेरी. पिशवीच्या मागचा खोलगट भाग, बीजकोशाची खालची बाजू, अपेंडिक्स, आणि हो, यकृताचा पृष्ठभागसुद्धा. यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये सतारीच्या तारांसारखे चिकट धागे दिसले की ओटीपोटात कधीतरी मोठा संसर्ग होऊन गेलाय हे ओळखायचं, मग बाईला तो आठवत असो वा नसो.

त्यानंतर निळं औषध. मिथिलिन ब्लू सलाइनमध्ये पातळ करून सिरिंजमध्ये भरलेलं असतं. खाली बसलेली सहकारी ते पिशवीच्या तोंडातून हळूहळू सोडते. पडद्यावर आधी पिशवीचा कोपरा निळसर होतो, मग नळीत निळी रेघ पुढे सरकताना दिसते, रुंद भाग जरासा फुगतो आणि झालरीतून पहिला थेंब बाहेर पडतो. गुलाबी पोटात तो गडद निळा थेंब सांडताना पाहिला की थिएटरमधली सिस्टरसुद्धा "राइट साइड ओपन" असं लिहायच्या आधी मान डोलावते. कधी निळं कोपऱ्याशीच अडतं. कधी नळी फुग्यासारखी फुगते पण टोकातून काही येत नाही. कधी थेंब येतो, पण झालर बीजकोशापासून लांब, आतड्याला चिकटलेली असते. हा तिसरा प्रकार एक्स-रेवर "उघडी" म्हणून गेलेला असतो.

नुसत्या तपासणीला अर्धा तास पुरतो. काही सोडवायचं असेल तर वेळ वाढतो.

तुम्हाला जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मिथिलिन ब्लू अशा वेळी टाळावं लागतं.

सोबत हिस्टेरोस्कोपी पण लिहिलीय. ती वेगळी का?

ती योनिमार्गातून, पोटाला हात न लावता. साधारण तीन मिलिमीटरची दुर्बीण पिशवीत घालून सलाइनने पिशवी फुलवतात. दोन्ही कोपऱ्यांत नळ्यांची आतली तोंडं दिसतात, टिकलीएवढी. पडदा, मस्सा किंवा चिकटलेलं अस्तर सापडलं तर तिथेच काढता येतं. भूल एकदाच घ्यायची असेल तर दोन्ही एकाच वेळी उरकणं शहाणपणाचं. फक्त हिस्टेरोस्कोपी करून "नळ्या उघड्या" असा शेरा मात्र खात्रीचा धरू नका. तोंड दिसलं म्हणजे रस्ता दिसला असं होत नाही.

कॅमेरा नळीच्या आतपर्यंत जातो का?

जातो, दोन वाटांनी.

पहिली वाट पिशवीकडून. १९९० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला जॉन केरिन आणि सहकाऱ्यांनी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची दुर्बीण नळीच्या आतल्या तोंडातून पुढे सरकवून आतलं अस्तर पाहिलं. याला फॅलोपोस्कोपी म्हणतात. कल्पना फार सुंदर होती. पण इतक्या बारीक तंतूतून चित्र पुसट यायचं, उपकरण नाजूक आणि महाग, आणि शिकायला हात बसावा लागायचा. बहुतेक देशांत ती मागे पडली. जपानमध्ये मात्र तिचाच एक प्रकार, फुग्याच्या कॅथेटरने नळी आतून उघडत जाण्याचा, आजही वापरात आहे. आपल्याकडे तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी वाट बाहेरून, झालरीतून. लॅप्रोस्कोपी चालू असतानाच वेगळी बारीक दुर्बीण झालरीच्या तोंडातून नळीच्या रुंद भागात घालायची. ही सॅल्पिंगोस्कोपी. निरोगी नळीचं अस्तर आतून घड्या घातलेल्या मऊ कापडासारखं दिसतं, सलाइनमध्ये हलकं डोलणारं. बेल्जियमच्या इवो ब्रोसेन्स यांनी या चित्राच्या पाच पायऱ्या ठरवल्या: पहिलीत घड्या नीट, पाचवीत घड्यांचा मागमूस नाही. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन फुगलेल्या नळ्यांपैकी कुठली वाचवायची आणि कुठली काढायची हे यावरून ठरवता येतं. ही सोय थोड्याच ठिकाणी असते. जिथे नाही तिथे डॉक्टर निळ्या औषधाच्या वागण्यावरून आणि झालरीच्या रूपावरून अंदाज बांधतात.

पोटाला भोक न पाडता काही पर्याय?

बेल्जियममध्येच १९९८ साली स्टीफन गॉर्ट्स आणि सहकाऱ्यांनी योनीच्या मागच्या भिंतीतून बारीक दुर्बीण घालून, वायूऐवजी कोमट सलाइनमध्ये नळ्या पाहण्याची पद्धत मांडली. भूल कमी लागते. पण पिशवीमागची जागा चिकटलेली असेल तर ती करता येत नाही, आणि सापडलेलं दुखणं सोडवायला हात अपुरा पडतो. याशिवाय सोनोग्राफी करताना सलाइन किंवा फेस सोडून नळ्या बघतात. ती दुर्बीण नव्हे, पण ज्यांना काही धोक्याचा इतिहास नाही त्यांना एचएसजीऐवजी चालते.

मला कधी खोकला नाही, ताप नाही. मग टीबीची तपासणी का?

कारण आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे टीबी बरेचदा निघतो आणि तो गुपचूप असतो. लहानपणी फुप्फुसात शिरलेले जंतू रक्तातून नळ्यांपर्यंत पोचतात, वर्षानुवर्षं तिथे राहतात. जननेंद्रियांचा टीबी झालेल्या जवळपास प्रत्येकीच्या नळ्या त्यात सापडतात, बहुधा दोन्ही. पाळीचं रक्त कमी होत जाणं एवढीच एक खूण कधीकधी असते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

दुर्बिणीतून दिसतं ते असं: नळीवर रव्यासारखे पांढुरके दाणे, मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठीची नळी, किंवा वाकवली तरी न वाकणारी कडक नळी. पोटातले अवयव एकमेकांना असे चिकटलेले की कुठलं काय ते पटकन कळू नये. दाणे दिसले तर तिथला तुकडा तपासायला घेतात, पिशवीच्या अस्तराचाही नमुना घेतात.

आता एक बारीक पण मोलाची गोष्ट. नमुन्याच्या दोन बाटल्या हव्यात. एक फॉर्मेलिनची, सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू उगवून बघायला). फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काही उगवत नाही. एका रुग्णालयातून आलेल्या बाईचा अख्खा नमुना फॉर्मेलिनमध्येच गेला होता. संशय तर दाट, पुरावा नाही. दुसऱ्यांदा नमुना घ्यायची वेळ आली. थिएटरला जाण्याआधी "दोन बाटल्या ठेवल्यात ना?" असं विचारायला लाजू नका. डॉक्टर रागावणार नाहीत, आणि रागावले तरी चालेल.

उलट चूकही होते. नुसता टीबी पीसीआर (डीएनएचीच आणखी एक तपासणी) पॉझिटिव्ह आला, बाकी कशातच काही नाही, तरी सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. फक्त त्या एका कागदावर औषध सुरू करू नये. दुर्बिणीतलं चित्र, सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट, सीबीनॅट, कल्चर हे एकत्र बघून ठरवायचं.

निदान पक्कं झालं तर औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतं, साधारण सहा महिने. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. कोर्स अर्धवट सोडू नका. मात्र आजार बरा झाला म्हणजे नळ्या पूर्ववत होतील अशी आशा मी लावत नाही. लवकर सापडलेल्या थोड्या जणींना आपोआप दिवस राहतात. व्रण पडलेली कडक नळी गोळ्यांनी मऊ होत नाही.

नळीत पाणी झालंय म्हणतात. म्हणजे?

नळीचं बाहेरचं टोक मिटलं की आतला स्राव साचतो आणि नळी फुगते. याला हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. आयव्हीएफ करायचं ठरलं तरी हे पाणी त्रास देतं: ते उलटं पिशवीत झिरपतं आणि गर्भ रुजण्यात अडथळा येतो. अशा नळ्या तशाच ठेवून आयव्हीएफ केलं तर यश साधारण निम्म्यावर येतं. म्हणून आधी दुर्बिणीतून ती नळी काढतात किंवा पिशवीपाशी बंद करतात.

"मूल हवंय म्हणून आले आणि तुम्ही नळीच काढायला निघालात?" हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो, आणि विचारणारीचा काही दोष नाही. ऐकायला उफराटंच वाटतं. पण निकामी नळी मूल देत तर नाहीच, वर पिशवीतल्या गर्भाला उपाशी ठेवते अशी कल्पना करा. ही चर्चा ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी, भूल उतरल्यावर नव्हे.

दोन्ही नळ्या खरोखर बंद निघाल्या तर?

कुठे बंद आहेत यावर अवलंबून. पिशवीपाशी अडल्या असतील तर हिस्टेरोस्कोपीतून बारीक तार घालून उघडून बघता येतात. बऱ्याच उघडतात, काही पुन्हा मिटतात. टोकाला मिटल्या असतील आणि आतलं अस्तर चांगलं असेल तर तोंड उघडता येतं, पण त्यानंतर नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो, म्हणून पाळी चुकली की लगेच तपासून घ्यायचं. पिशवीपाशी आणि टोकाला, दोन्हीकडे अडल्या असतील, किंवा टीबीने कडक झाल्या असतील, तर आयव्हीएफ.

आयव्हीएफचा जन्मच मुळी बंद नळ्यांतून झाला. लेस्ली ब्राउन यांच्या नळ्या बंद होत्या. इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला पॅट्रिक स्टेप्टो यांनी लॅप्रोस्कोपीनेच त्यांचं बीज काढलं, रॉबर्ट एडवर्ड्स यांनी ते प्रयोगशाळेत फलित केलं आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन जन्मली. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी तसंच बाळ जन्मलं. आता बीज काढायला दुर्बीण लागत नाही, सोनोग्राफीच्या सुईने काम होतं.

वयाचं मात्र लक्षात असू द्या. २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत असावं लागतं. बीजांची मर्यादा कायद्याच्या खूप आधी येते, हे वेगळं सांगायला नको.

एकच नळी चालू आहे.

एक पुरते. उजवीकडचं बीज डावीकडची नळी उचलते असंही घडतं. दुसरी फुगलेली नसेल तर घाई करू नका.

संमतीपत्रावर सही करताना काय बघायचं?

बघून घ्या की त्यात फक्त तपासणी आहे की सापडलेलं सोडवणंही आहे. चिकटलेलं सोडवलं तर चालेल का? एंडोमेट्रिओसिसचे डाग जाळले तर? गाठ काढली तर? नळी काढायची वेळ आली तर त्याच वेळी काढू, की आधी बाहेर येऊन बोलू? याची उत्तरं आदल्या दिवशी, नवराबायकोने दोघांनी बसून, डॉक्टरांना द्यायची. मी स्वतः नळी काढण्याबद्दल वेगळं वाक्य हाताने लिहून त्याखाली बाईचीच सही घेते. बाहेर बसलेल्या सासऱ्यांना विचारून आत नळी कापणं मला पटत नाही.

जिवाला धोका आहे का?

गंभीर गुंतागुंत, म्हणजे आतडं, मूत्राशय किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा, हजारात साधारण दोघींना होते. कमी आहे, शून्य नाही. मला या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते घरी गेल्यावर काय बघायचं हे: दुखणं दर दिवशी कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगलं तर सकाळची वाट न बघता परत या.

माझं आधी पोटाचं ऑपरेशन झालंय. चालेल?

चालतं, पण सांगायला विसरू नका. बेंबीखाली आतडं चिकटलेलं असण्याची भीती असते, म्हणून सुई डाव्या बरगडीखालून घालतात. त्या जागेला पामर यांची जागा म्हणतात. पॅरिसच्या ज्या राउल पामर यांनी १९४० च्या दशकात स्त्रीरोगांसाठी दुर्बीण रुळवली, तेच हे.

पाळीच्या कितव्या दिवशी?

रक्त थांबल्यानंतर आणि बीज फुटायच्या आधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात. त्या महिन्यात गर्भ राहिलेला नाही याची खात्री असावी. टीबीसाठी अस्तराचा नमुना घ्यायचा असेल तर काही डॉक्टर पाळीच्या आधीचे दिवस निवडतात. मग त्या महिन्यात संबंध टाळायला सांगतात.

सासूबाई म्हणतात, क्युरेटिन करून पिशवी साफ केली की दिवस राहतात. मग दुर्बीण कशाला?

क्युरेटिनने नळ्यांबद्दल काहीच कळत नाही. उगाच खरवडून अस्तर चिकटलं तर नवी अडचण. सासूबाईंच्या मैत्रिणीला क्युरेटिननंतर दिवस राहिले असतील, ते त्याशिवायही राहिले असते. हे त्यांना समजावायला त्यांनाच एकदा ओपीडीत घेऊन या. माझा अनुभव असा की फिल्म आणि फोटो समोर ठेवून समजावलं की सासवा ऐकतात, मुलांपेक्षा जास्त.

किती दुखतं? घरी कधी?

बहुतेक जणी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घरी जातात. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो आणि बाई घाबरते. उरलेला वायू पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतो, त्याची कळ खांद्यात जाते. दोन-तीन दिवसांत विरते. लघवी हिरवी-निळी होईल, ते औषध बाहेर पडतंय. थोडं रक्त जाईल. स्वयंपाक, ऑफिस चार-पाच दिवसांत. पाण्याचे हंडे आणि जड बॅग दोन आठवड्यांनी.

तपासणीनंतर किती महिने वाट बघायची?

नळ्या चांगल्या निघाल्या, वय तिशीच्या आत आणि नवऱ्याचा रिपोर्ट ठीक, तर सहा महिने निवांत प्रयत्न करा. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तीन महिन्यांत पुढची पायरी ठरवा.

घरी नेताना हातात काय असायला हवं?

"दोन्ही नळ्या ओपन" एवढ्या तीन शब्दांचा कागद घेऊन जाऊ नका. त्यात प्रत्येक बाजूची नळी, झालर, बीजकोश, निळं औषध लगेच सांडलं की जोर लावल्यावर, चिकटलेलं काय सोडवलं, कुठले नमुने कुठे पाठवले, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. फोटो हवेत, शक्य असेल तर रेकॉर्डिंगही पेनड्राइव्हवर. पुढच्या डॉक्टरांनी ते पाहिलं की पुन्हा दुर्बीण करायची वेळ क्वचित येते. आणि ती एक्स-रेची फिल्म पिशवीत दुमडू नका. सुरळी करून ठेवा, घडीच्या रेषेतून नळी कुठे गेली तेच मला दिसत नाही.